टप

घणसोलीहून साडेपाचची गाडी.
डब्यात मी, एक झोपलेला वॉचमन,
आणि कुणीतरी विसरलेला जेवणाचा डबा,
ज्याच्यात चमचा वाजत होता.
चमचा वाजतो, हे मला बावीस वर्षांनी कळलं.

तुर्भ्याच्या कारखान्यात कान ठेवून आलो मी,
पॉवर प्रेसच्या शेजारी, थोडे थोडे, तीन पाळ्यांत.
परवा गार्गीनं यंत्र आणलं, शेंगदाण्याएवढं.
कागदावर लिहून दिलं: आजोबा, आधी जंगलात लावून बघा,
घरात लावलंत तर आजीचंच ऐकू येईल.
शालन हसली असावी. खांदे हलले तिचे.

दिघ्याच्या पुढं रूळ बदलताना
गाडीनं असा गळा काढला
की मी यंत्र काढून खिशात टाकलं.

ठाण्याला, स्टेशनाबाहेर, येऊरची बस.
कंडक्टर घरतबाई. त्यांचे ओठ म्हणाले, कुठं?
म्हटलं, शेवटपर्यंत.
त्यांनी माझ्या पिशवीकडं बघितलं,
पाण्याची बाटली, टोपी, दोन दशम्या,
आणि तिकीट दिलं.

उपवन मागं पडलं. चढ लागला. यंत्र पुन्हा कानात.
जंगल कुठलं, बस म्हणजे नुसता नट-बोल्टांचा बाजार!
तिसऱ्या खिडकीचा स्क्रू ढिला,
पायरीची रिबिट गेलेली,
मागं पत्रा पत्र्याला घासतोय, मधे रबर हवं.
सागाची पानं एवढाली बाहेरून जात होती
आणि मी आत बसून बस दुरुस्त करत होतो,
मनातल्या मनात.

पाड्याच्या अलीकडं ड्रायव्हरनं बस थांबवली.
इंजिन बंद केलं.
मला वाटलं, यंत्राचा सेल संपला.

डांबरावर मोहाची फुलं पडली होती,
पिवळट, ओली, फुगलेली,
आणि तीन बाया नि एक पोर
टोपल्या घेऊन वेचत होती
आमच्या टायरांच्या आधी.
ड्रायव्हरनं खिडकीवर कोपर टेकलं.
वेच, सुकरे, माझी बस कुठं पळून जात नाही.

मागून एका मोटारीनं लांबलचक भोंगा दिला,
आत क्रिकेटच्या बॅटा, पांढरे कपडे.
ड्रायव्हर आरशात बघेचना.

मग वर काहीतरी पडलं. टप.
म्हटलं, बाई, बोल्ट पडला कुठलातरी.
मोह आहे हो काका, टपावर पडतोय.
पुन्हा एक.
मग बराच वेळ काही नाही,
इतका वेळ की मी श्वास घ्यायचा विसरलो.
मग दोन, पाठोपाठ, एक जरा घरंगळलं.
बस केवढी, फूल केवढं,
आणि ते पडतं तेव्हा सगळा पत्रा ऐकतो.

शेवटच्या थांब्यावर गेट, गेटाला साखळी.
कोवळा गार्ड. परवानगीचा कागद?
काय बघायचंय आजोबा?
बघायचं असं काही नव्हतंच.
समजावून सांगावं म्हणून मी यंत्र काढून तळहातावर धरलं.
त्याला वाटलं मी बहिरा. तो ओरडला,
पर-वा-न-गी!
ते मात्र यंत्राशिवायही ऐकू आलं.

दशम्या थांब्यावरच खाल्ल्या.
त्याच बसनं उतरलो.
रस्ता मोकळा, चार-दोन चिकट डाग.
दोन रुपयांच्या नाण्यानं
तिसऱ्या खिडकीचा स्क्रू पिळून घट्ट केला.
घरतबाईंनी पाहिलं, तिकिटाचे पैसे घेतलेच.

घरी शालननं विचारलं,
काय बघितलंत एवढं?
यंत्र कानातच राहिलं होतं.
तिचा आवाज उतरलाय, थोडी खरखर आलीय,
शेवटचा शब्द आता ती वर नेत नाही.
मी म्हणालो, पुन्हा विचार.

तिला वाटलं, पैसे वाया गेले.